सकवारबाईंचा खोकला

मैलापुरात देवळाच्या तळ्यामागे ज्या अरुंद गल्ल्या आहेत, तिथे कुणाच्या घरी बाळंतीण आली की पहिला निरोप सकवारबाईंना जायचा. डॉक्टर, दवाखाना, औषधं हे सगळं ज्याचं त्याचं वेगळं. पण बाळाला न्हाऊ घालायला सकवारबाईच. तीस वर्षं हे चाललं होतं. ज्या पोरींना त्यांनी तान्ह्या असताना पायांवर घेतलं, त्यातल्या काही जणींची बाळंही आता त्यांच्याच पायांवर न्हायली होती.

मूळच्या त्या तंजावरकडच्या. घरात पिढ्यानपिढ्यांची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नवरा बालाजीराव एका कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, आचारी होता. तो अचानक गेला तेव्हा मुलगा सुंदर सहावीत होता. पोटासाठी धरलेलं काम पुढे अंगवळणी पडलं, आणि मग त्या कामाचा त्यांना अभिमान वाटू लागला. सकाळी सहाला पहिलं घर, साडेसातला दुसरं, नऊला तिसरं. न्हाणीघरात पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ निजवायचं. कोमट तेल, मग पाण्याची धार, मग टाळूवरून हात. शेवटी बाळाला उचलून, त्याचं तोंड आपल्या तोंडाशी आणून, नाकात एक हलकी फुंकर. आत गेलेलं पाणी त्याने निघून जातं, असं त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. मग सांब्राणीची धुरी आणि गालावर काजळाची तीट. बाळ पुढे तीन-तीन तास हलायचं नाही.

त्यांचा एक नेम होता. खाडा करायचा नाही. "न्हाण चुकलं तर लेकरू अंग धरत नाही," त्या म्हणायच्या. पूर आला त्या वर्षी गुडघाभर पाण्यातून त्या गेल्या होत्या. अंगात ताप असताना गेल्या होत्या. हे त्या कौतुकाने सांगायच्या आणि ऐकणारेही कौतुकानेच ऐकायचे.

त्या वर्षी मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिना लागला, आणि पहिला खोकला त्यांच्याच घरात आला. सुंदरची मुलगी कीर्तना पाचवीत होती. संध्याकाळी ती एका शिकवणीला जायची. लहानशी खोली, एसी लावून खिडक्या बंद, आणि आत वीसेक मुलं. डिसेंबरच्या सुरुवातीला तिचं नाक वाहू लागलं. आठवडाभराने सर्दी गेली, पण खोकला राहिला, आणि राहिला तो वाढतच गेला. एकदा सुरू झाला की पोरीला श्वास घ्यायला उसंत मिळायची नाही. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवटी खाल्लेलं सगळं बाहेर. मग पुढचे दोन तास ती अगदी चांगली, खेळायची, भांडायची.

"दव पडतंय पहाटे. अस्कं गाव खोकतंय," सकवारबाई म्हणाल्या. सगळं गाव खोकत होतं, यात खोटं काही नव्हतं. मार्गळीत पहाटे भजनाची मंडळी गल्लीतून जायची, बायका दारात ओणव्या होऊन कोलमची रांगोळी काढायच्या, आणि गळ्याला मफलर गुंडाळलेलं निम्मं मैलापूर खाकरत असायचं. सुंठ-मिऱ्याचा काढा झाला, मध झाला, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडचं सिरप झालं. सून जयंती पाँडी बाजारात एका साड्यांच्या दुकानात कामाला होती; तिला सुट्टी काढून पोरीला डॉक्टरकडे न्यायला जमलंच नाही. परीक्षा होती म्हणून कीर्तना शाळेत जात राहिली, शिकवणीलाही.

नाताळच्या सुमारास सुंदर खोकू लागला. तो गिंडीला एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. "तुझ्यामुळे अख्ख्या शेडला खोकला लागला," असं फोरमन त्याला हसत हसत म्हणायचा. आणि जानेवारी उजाडता उजाडता सकवारबाईंचं नाक चोंदलं.

त्याच दिवसांत त्यांनी मंदवेळी भागातलं एक नवं घर धरलं होतं. विद्युलता आणि हेरंब हे नाशिककडचं जोडपं. हेरंब केंद्र सरकारच्या एका खात्यात होता, दीड वर्षापूर्वी बदलून आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी शेवटच्या महिन्यांत प्रवास करू दिला नाही, म्हणून विद्युलताची आई नीलमताई इथे आल्या होत्या. बावीस डिसेंबरला मुलगी झाली. नाळ पडल्यावर न्हाऊ घालायला बाई शोधताना कुणीतरी सांगितलं, मैलापुरात एक मराठी बोलणारी आहे.

सकवारबाईंची मराठी ऐकून विद्युलताला पहिल्या दिवशी हसू आवरेना. "भूक लागून रडूंलाली गे ती, दूध दे मनून सांगतेय तुला," सकवारबाई म्हणाल्या, आणि विद्युलता आईकडे बघत म्हणाली, "आई, ऐकलंस? बखरीतून कुणीतरी बोलतंय असं वाटतं!" पण चार दिवसांत ती त्यांची वाट बघू लागली. दीड वर्ष त्या शहरात तिच्याशी कुणी आपल्या भाषेत बोललं नव्हतं. ती त्यांना मावशी म्हणू लागली. बारशाला मुलीचं नाव कावेरी ठेवलं. "इथे जन्मली, इथलंच नाव," हेरंब म्हणाला. तंजावरच्या बाईला याहून मोठा मान कुठला? सकवारबाई घरी येऊन दहादा ते नाव घेत राहिल्या.

पाच जानेवारीपासून त्यांना खोकला सुरू झाला. फार नाही. कीर्तनासारखी उबळ नाही, ताप नाही. दिवसातून पाच-सात वेळा कोरडा ठसका, घशात काहीतरी अडकल्यासारखं.

"अम्मा, चार दिवस राहा की घरी," जयंती म्हणाली.

"आणि तीन लेकरांचं न्हाण? त्यांना काय तू घालणार?"

तीन घरं होती तेव्हा हाताशी. विद्युलताची कावेरी, तळ्याच्या उत्तरेला श्रीदेवीचा मुलगा, सव्वादोन महिन्यांचा, आणि तिरुवल्लीकेणीत गोदाचा मुलगा, जेमतेम चार आठवड्यांचा. न्हाऊ घालताना ठसका आला तर सकवारबाई मान वळवून खांद्यावर खोकायच्या. तेवढी काळजी आपण घेतो, याचं त्यांना समाधान होतं. मग बाळाला उचलून नाकात फुंकर घालायच्या, रोजच्यासारखी.

एकदा नीलमताईंनी विचारलं, "मावशी, खोकला झालाय का तुम्हाला?"

"भोगीचा धूर हो. अस्की गल्ली जुनं-पुराणं जाळते," त्या म्हणाल्या. पोंगलच्या आदल्या दिवशी खरंच एवढा धूर झाला होता की तळ्याच्या पलीकडचं गोपूर दिसत नव्हतं. नीलमताईंनी मान डोलावली. त्यांचाही घसा धरला होता.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी कावेरीचं नाक वाहू लागलं. ती किंचित शिंकायची, दूध ओढताना मधेच सोडायची. ताप नव्हता. सकवारबाईंनी वेखंड उगाळून टाळूला लावलं आणि धुरी जरा जास्त दिली. चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या तर फ्लॅटला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पहाटे बाळाला हॉस्पिटलात नेलं. दूध पिता पिता ते निळं पडलं. खोकलं नाही, रडलं नाही. नुसता श्वासच थांबला. आजीने पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा परत आला, आणि गाडीत पुन्हा थांबला.

सकवारबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग पुढच्या घराची वेळ झाली म्हणून उठल्या आणि श्रीदेवीकडे गेल्या. तिथे न्हाऊ घातलं. तिरुवल्लीकेणीला गेल्या. तिथेही घातलं. पुढे त्या दिवसाचा हिशेब त्यांनी स्वतःशी किती वेळा मांडला असेल, त्याला गणती नाही.

दुपारी हेरंबचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका सुकलेला.

"मावशी, डॉक्टर विचारतायत, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणाला खोकला आहे का, म्हणून. तुम्हाला आहे का? बऱ्याच दिवसांचा?"

सकवारबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅसवर रस्सम उकळत होतं. "नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "धूर लागला होता भोगीचा, तेवढंच. आता बरी आहे."

"बरं," हेरंब म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

का म्हणाल्या त्या तसं? तीस वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, हे एक. आणि त्या प्रश्नाच्या पोटात काय आहे, हे त्यांना तत्क्षणी कळलं होतं, हे दुसरं. जीभ आपसूक मागे सरली. चटका बसल्यावर हात सरतो, तशी.

त्या दिवशी कीर्तना शाळेतून आली आणि दप्तर काढता काढता तिला उबळ आली. खोक-खोक-खोक, मधे श्वासच नाही. आणि मग शेवटी छाती फाटेल असा एक लांब श्वास आत ओढला गेला, त्याचा आवाज घरभर घुमला. आजवर असा आवाज त्यांनी या घरात ऐकला नव्हता. की ऐकला होता आणि लक्ष दिलं नव्हतं? सकवारबाईंच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तंजावरात लहानपणी शेजारच्या घरात दोन भावंडं तशी ओरडत श्वास घ्यायची. तमिळ माणसं त्याला कक्कुवान म्हणायची, घरात आई डांग्या खोकला म्हणायची. त्या भावंडांच्या घरी जायला मुलांना बंदी होती. धाकटं भावंड पुढे दिसलं नाही.

"जयंती," त्यांनी सुनेला हाक मारली. "हिच्या सुया अस्क्या झाल्या होत्या ना?"

जयंती लशीचं कार्ड शोधू लागली. कार्डावर पहिले तीन रकाने भरलेले होते, दीड वर्षाचा भरलेला होता. पाच वर्षांचा रकाना कोरा. ते लॉकडाउनचं वर्ष होतं. दवाखान्यात जायची सगळ्यांनाच भीती वाटायची, आणि नंतर ते राहूनच गेलं. जयंती कार्ड हातात धरून नुसती बघत राहिली. सुंदरने तोंड उघडलं, पण त्यालाच ठसका लागला.

त्या रात्री कुणी नीट झोपलं नाही. सकाळी सकवारबाई कुठल्याही घरी न्हाऊ घालायला गेल्या नाहीत. तीस वर्षांतला तो पहिला खाडा. सुंदर म्हणाला, "अम्मा, तू उगीच जाऊ नको. डॉक्टर बघतायत. तुझ्यामुळेच झालं असं कुणी म्हटलंय का?"

"कुणी म्हणायची वाट बघू काय?" त्या म्हणाल्या, आणि रिक्षा करून हॉस्पिटलला गेल्या.

मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर नीलमताई खुर्चीत बसल्या होत्या. विद्युलता भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गाउनवर दूध झिरपून डाग पडले होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. हेरंब पुढे आला. सकवारबाई लांबच थांबल्या, पदर तोंडावर धरून.

"मी काल खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मला खोकला आहे. पंधरा दिवसांपासून. माझ्या नातीला त्याच्याही आधीपासून, आणि सुंदरलाही. डांग्या आहे तो. मी ओळखायला पाहिजे होता."

हेरंबला पहिल्यांदा काही उमगेना. मग त्याच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उतरत गेली. तो आत गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर चाळिशीच्या, थकलेल्या बाई होत्या. त्यांनी सकवारबाईंना एका बाजूला नेलं, तोंडावर मास्क लावायला दिला आणि पाटी, म्हणजे आजी, अशी हाक मारत तमिळमध्ये सरळ प्रश्न विचारले. खोकला कधी लागला, घरात कोण कोण, नातीची शाळा कुठली, आणखी कोणकोणत्या बाळांना हात लावता. सकवारबाईंनी सगळं सांगितलं. मग न विचारताच म्हणाल्या, "मी नाकात फुंकर घालायचे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. क्षणभराने त्यांनी ते लिहून घेतलं.

"पण ती तशी खोकली नाही हो," सकवारबाई म्हणाल्या. "डांग्यात आवाज येतो ना? तो आला असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखला असता."

"इतक्या लहान बाळांना तो आवाज येत नाही, पाटी. तेवढी ताकदच नसते. ती श्वास थांबवतात," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मोठ्यांनाही येत नाही. तुम्हाला नुसता ठसका. पहिले पंधरा दिवस सर्दीच वाटते, आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. घरात एकाला झाला, तर ज्यांच्यात लशीचा जोर उरलेला नाही अशा जवळजवळ सगळ्यांना होतो. मोठी माणसं चालती-फिरती असतात, कामाला जातात. बाळाला पहिली सुई दीड महिन्याला. तोवर त्याच्याकडे काहीच नसतं."

"बाळाच्या आईने घेतली होती सुई."

"ती धनुर्वाताची. डांग्याची त्यात नव्हती." त्यांनी पेन खिशाला लावलं. "कालच्या तुमच्या बोलण्याने या बाळाच्या उपचारात फरक पडला नाही. आम्ही औषध काल आल्या आल्याच सुरू केलं होतं. पण ती दुसरी दोन बाळं. त्यांच्या घरी कुणी सांगितलंय?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पाच दिवसांच्या गोळ्या. घरातल्या प्रत्येकाने घ्यायच्या, खोकला असो नसो. आरोग्य केंद्रातली भवानी नावाची नर्स फोन करेल, म्हणाल्या, ती घरोघर जाईल. पण भवानीचा फोन यायची वाट सकवारबाईंनी पाहिली नाही. मास्क लावून त्या थेट श्रीदेवीच्या दारात उभ्या राहिल्या, आत न जाता.

श्रीदेवी घाबरली, पण तिच्या मुलाला पहिली सुई झालेली होती. ती त्याच तासाला डॉक्टरकडे गेली. मुलाला पुढे थोडा खोकला झाला आणि तो निभावला.

गोदाकडे तसं नव्हतं. तिरुवल्लीकेणीच्या त्या घरात एका मजल्यावर नऊ माणसं राहत. गोदाचा मुलगा तेव्हा पाच आठवड्यांचा होता आणि त्याच सकाळपासून त्याने दूध सोडलं होतं. सकवारबाईंनी दारातून सांगितलं तेव्हा गोदाच्या सासूला आधी पटेना, आणि पटलं तेव्हा तिने गल्ली गोळा केली. "घरोघर रोग वाटत फिरतेस? माझ्या नातवाच्या तोंडात तोंड घालतेस?" सकवारबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं. त्या हलल्या नाहीत. "मला काय बोलायचं ते नंतर बोला," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "पोराला आधी न्या. त्याला न्या. श्वास थांबेल त्याचा." शेवटी गोदानेच पोराला उचललं आणि चपलाही न घालता जिना उतरली.

गोदाचा मुलगा बारा दिवस हॉस्पिटलात होता. तीन वेळा निळा पडला, पण वाचला. औषध एक दिवस आधी मिळालं असतं तर इतकं झालं असतं का, हे सकवारबाईंनी भवानीला विचारलं. भवानी स्वभावाने रोखठोक होती, पण या प्रश्नावर ती वहीत बघत राहिली.

भवानीच्या त्या वहीत हळूहळू नावं वाढत गेली. शिकवणीतली सहा मुलं. गिंडीच्या शेडमधला सुंदरचा जोडीदार, आणि त्याच्या घरी त्याची म्हातारी आई. कीर्तनाच्या वर्गातली दोन. शिकवणीत पहिला कोण खोकला, हे काही कळलं नाही. कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून आला म्हणे, किंवा शिकवणाऱ्या बाईंकडूनच. प्रत्येक घरात तेच ऐकायला मिळालं: दव पडलं, धूर झाला, पंखा लागला, थंड पाणी प्यायला. भवानी म्हणाली, "पाटी, एक नाव खोडावं तर चार नवी निघतात. तुम्ही एकट्या नाही यात." तिचा हेतू चांगला होता. सकवारबाईंना त्याचा काही उपयोग झाला नाही.

कावेरी गेली ती प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्या की हृदयाला रक्त ढकलता येईना, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त बदलून पाहिलं. यंत्र लावलं. सकाळी दहाच्या सुमारास सगळं थांबलं. ती छत्तीस दिवसांची होती. तिच्या फाइलला डकवलेल्या कार्डावर पहिल्या सुईची तारीख कुणीतरी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवली होती. ती यायला सहा दिवस बाकी होते.

हे सकवारबाईंना भवानीकडून कळलं. त्या तेव्हा स्वतः अंथरुणाला खिळल्या होत्या. ठसका म्हणून जो सुरू झाला होता, त्याने आता खरं रूप दाखवलं होतं. गोळ्यांनी दुसऱ्यांना होणं थांबलं. खोकला थांबला नाही. एका उबळीत बरगडी चिरली. हसता येईना, कूस बदलता येईना. कीर्तना आजीजवळ बसायची आणि एक दिवस तिने विचारलं, "माझ्यामुळे झालं का आज्जी, त्या बाळाला?"

सकवारबाईंनी तिला जवळ ओढलं. बरगडीतून कळ गेली तरी सोडलं नाही. "नाही गे. तू लेकरू. लेकरांचं काही नसतं. मोठ्यांनी बघायचं असतं." दारात जयंती उभी होती. ती आत वळली, आणि न्हाणीघराचा नळ बराच वेळ वाहत राहिला. ती आणि सुंदर त्या महिन्यांत एकमेकांशी फार बोलत नव्हती. कुणी कुणाला दोष दिला नाही, पण तो कोरा रकाना घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मार्चमध्ये हेरंबची बदलीची विनंती मंजूर झाली. सामान बांधून झाल्यावर विद्युलता एक दिवस सकवारबाईंच्या घरी आली. पत्ता तिने भवानीकडून घेतला होता. चप्पल न काढता ती उंबऱ्याशीच उभी राहिली. सकवारबाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"आम्ही चाललो परवा," ती म्हणाली. "आई म्हणाली, भेटून ये. ती म्हणते, तुम्ही सांगायला आलात, तसं दुसरं कुणी आलं नसतं. हेरंबही म्हणतो. ते दुसरं बाळ वाचलं ना?"

"वाचलं."

"बरं झालं." ती म्हणाली. "मला सगळे सांगतात, मावशींना माफ कर, त्यांना काय माहीत होतं. मी रोज प्रयत्न करते. मला नाही जमत."

"नोको करूस," सकवारबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी मनून नोको करूस."

विद्युलताने त्यांच्याकडे पाहिलं. आली तेव्हा तिला जे बोलायचं होतं, ते बहुतेक वेगळं होतं. "तुम्ही आईला धूर म्हणालात," ती हळूच म्हणाली. "तेव्हा बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर."

सकवारबाईंना उबळ आली. त्या भिंतीला धरून, तोंडावर पदर दाबून खोकत राहिल्या, बरगडीवर एक हात ठेवून. उबळ थांबली तेव्हा त्यांनी डोळे पुसले. विद्युलता तोवर गेली नव्हती. ती आत येऊन पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवून परत उंबऱ्यापाशी गेली होती. मग ती पायऱ्या उतरली.

खोकला एप्रिल अखेरीस सुटला. शंभर दिवसांचा खोकला म्हणतात त्याला, तो शंभरावर दहा-बारा दिवस राहिला. सकवारबाईंनी पुन्हा कुणाच्याही बाळाला न्हाऊ घातलं नाही. लोक विसरले, लोक विसरतातच. जूनमध्ये दोन घरांतून निरोप आले. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि निरोप आणणाऱ्याला विचारलं की घरात कुणी खोकतंय का, गरोदरपणी आईने डांग्याची सुई घेतली होती का, आजी-आजोबांनी घेतली का. उत्तर बहुधा यायचं, "नाही हो पाटी, आम्हाला कुणी सांगितलं नाही." मग त्या भवानीचा नंबर द्यायच्या.

आता त्या नवरा जिथे आचारी होता त्याच मंडपात भाज्या चिरायला बसतात. लग्नाच्या घाईत चाळीस-चाळीस किलो भोपळा, मान वर न करता. तिथे बायका लहान मुलं घेऊन येतात. कुणी जुनी ओळखीची कौतुकाने आपलं तान्हं पुढे करते, "बघा पाटी, डोकं कसं गोल झालंय, घ्या ना." सकवारबाई विळीवरून उठत नाहीत. हात ओले आहेत, म्हणतात. बाळाकडे त्या नीट बघतात, लांबूनच. नाक वाहतंय का, श्वास सरळ चाललाय का. मग पुढचा भोपळा ओढतात. त्या बायका थोड्या हिरमुसतात आणि पंगतीकडे निघून जातात.